लूप चालला, उत्तर आलं... पण ते बरोबर आहे का? आर मधल्या लूपची चूक शोधायची पद्धत



विक्रीचा आणि मालाचा हिशेब आर मध्ये घ्यायला शिकलं की पुढची पायरी येते लूपची. आणि लूप आला की त्याच्या मागोमाग तीन तक्रारी हमखास येतात. "लूप मध्येच बंद पडतो." "लूप थांबतच नाही." आणि तिसरी, "लूप चालला, पण आकडा काहीतरी विचित्र येतोय." आजच्या धड्यात या तिन्ही तक्रारींवर काम करायचं आहे. कागद-पेन जवळ ठेवा, लागणार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून ठेवा. एरर देऊन बंद पडणारा लूप तुमचं नुकसान करत नाही. फार तर तो अर्धा तास खातो. नुकसान करतो तो निमूटपणे शेवटपर्यंत चालणारा आणि चुकीचा आकडा हातात देणारा लूप. कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून तुम्ही कच्चा माल मागवता, ऑर्डर घेता, दर ठरवता. कॉम्प्युटरने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, असं आपण धरून चालतो. कॉम्प्युटर मात्र तुम्ही सांगितलं तेवढंच करतो. तुम्हाला काय सांगायचं होतं, ते त्याला कळत नाही.

जे आज पहिल्यांदा आले आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. आर ही आकडेवारीच्या कामासाठी बनवलेली प्रोग्रामिंग भाषा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली आणि तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. ती पूर्णपणे मोफत आहे, म्हणून लहान व्यवसायाला परवडते. खरा कोड तुम्हाला व्हिडिओत स्क्रीनवर दिसतोच. इथे मी त्याचा आराखडा मराठीत लिहितोय, म्हणजे लक्ष कंसात आणि चिन्हांत न अडकता हिशेबावर राहील.

लूप म्हणजे नेमकं काय?

रोजकीर्द लिहिताना आपण काय करतो? मागील पानावरची शिल्लक पुढे ओढतो, आज आलेलं मिळवतो, आज गेलेलं वजा करतो आणि नवी शिल्लक लिहितो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लूप म्हणजे हेच काम. एकच कृती, अनेक वेळा. प्रत्येक वेळेला आपण "फेरी" म्हणूया.

कुठल्याही लूपमध्ये चार गोष्टी असतात :

१. सुरुवात : पहिल्या फेरीच्या आधी काय हातात आहे?
२. काम : प्रत्येक फेरीत काय करायचं?
३. हातचा : या फेरीतून पुढच्या फेरीत काय न्यायचं?
४. शेवट : कधी थांबायचं?

लूपमधल्या बहुतेक चुका या चारपैकी एका ठिकाणी सापडतात. म्हणून आकडा चुकला की सगळा कोड पुन्हा पुन्हा वाचत बसू नका. या चार जागा एकेक करून तपासा.

उदाहरण : मसाल्याच्या डब्यात माल किती?

समजा तुमचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे. वर्षाच्या सुरुवातीला २० किलो मसाला तयार आहे. सहा महिन्यांचं उत्पादन आणि विक्री अशी (सगळे आकडे किलोत) :

| महिना | उत्पादन | विक्री |
|---|---|---|
| जानेवारी | ५० | ४५ |
| फेब्रुवारी | ५० | ५५ |
| मार्च | ६० | ७० |
| एप्रिल | ८० | ७५ |
| मे | ९० | ८५ |
| जून | ४० | ५० |

प्रत्येक महिन्याच्या अखेरीस किती माल शिल्लक राहिला, हे काढायचं आहे. एकाने असा लूप लिहिला :

प्रत्येक महिन्यासाठी, १ ते ६ :
— शिल्लक = २०
— शिल्लक = शिल्लक + उत्पादन − विक्री
— शिल्लक छापा

लूप चालला. एरर नाही, इशारा नाही. जूनअखेरची शिल्लक आली १० किलो. आता कागदावर तुम्ही हिशेब करा. २० मध्ये ५० मिळवा, ४५ वजा करा, असं करत जूनपर्यंत या. तुमचंही उत्तर १० किलोच येईल! म्हणजे लूप बरोबर आहे?

थांबा. फक्त शेवटचा आकडा पाहून पुढे जाऊ नका. प्रत्येक महिन्याचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा :

| महिनाअखेर | लूपचं उत्तर | हाताने काढलेलं |
|---|---|---|
| जानेवारी | २५ | २५ |
| फेब्रुवारी | १५ | २० |
| मार्च | १० | १० |
| एप्रिल | २५ | १५ |
| मे | २५ | २० |
| जून | १० | १० |

सहापैकी तीन महिने चुकले आहेत. जानेवारी, मार्च आणि जूनचे आकडे जुळले, त्यातले मार्च आणि जून तर निव्वळ योगायोगाने.

आता हा फरक धंद्यात काय करतो ते बघा. एप्रिलअखेर एखाद्या हॉटेलवाल्याचा फोन आला, "उद्या २० किलो मसाला पाठवता का?" तुमचा लूप म्हणतो २५ किलो आहे. तुम्ही "हो" म्हणता. डब्यात मात्र १५ किलोच आहे. आता उरलेला ५ किलो एकतर बाजारातून जास्त भावाने आणायचा, नाहीतर गिऱ्हाइकाला "जमणार नाही" म्हणून कळवायचं. नवीन गिऱ्हाईक असेल तर पुढचा फोन येईलच असं नाही. फेब्रुवारीत गोष्ट उलटी. तिथे लूप ५ किलो कमी दाखवतोय, म्हणजे गरज नसताना तुम्ही मिरची घेऊन पैसे अडकवून ठेवाल.

चूक शोधायच्या पाच पायऱ्या

आता हीच चूक पद्धतशीर कशी शोधायची ते पाहू. या पाच पायऱ्या वहीत लिहून घ्या.

पायरी १ : आधी छोटा हिशेब हाताने करा. तुमच्याकडे ५,००० ओळींचा डेटा असला तरी तपासणीसाठी त्यातल्या चार-पाच ओळीच घ्या. उत्तर कागदावर काढा, आणि तेही लूप चालवायच्या आधी. लूपचं उत्तर पाहून मग हाताने हिशेब केला की मन नकळत त्याच आकड्याकडे ओढलं जातं.

पायरी २ : प्रत्येक फेरीचा आकडा छापा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आर मध्ये नुसतं नाव टाइप करून एंटर दाबलं की आकडा दिसतो, पण लूपच्या आत असं होत नाही. तिथे "प्रिंट" किंवा "कॅट" ही आज्ञा स्पष्ट द्यावी लागते. बरेच जण लूपमध्ये नुसतं नाव लिहितात, काहीच दिसत नाही आणि मग लूप चाललाच नाही असं समजतात. छापताना एकटी शिल्लक छापू नका. फेरी क्रमांक, त्या फेरीतलं उत्पादन, विक्री आणि शिल्लक असं सगळं एका ओळीत छापा.

पायरी ३ : पहिली बिघडलेली फेरी शोधा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. आपल्या तक्त्यात एप्रिलचा फरक सर्वात मोठा, १० किलोचा आहे, म्हणून नजर तिकडेच जाते. पण चूक तिथे सुरू झालेली नाही. पहिला फरक आला फेब्रुवारीत, म्हणजे दुसऱ्या फेरीत. त्यानंतरचं सगळं त्याच एका चुकीचं पिल्लू आहे. तेव्हा नेहमी पहिला फरक पाहा.

पायरी ४ : त्या फेरीला चार प्रश्न विचारा. पहिली फेरी बरोबर आणि दुसरी चूक. याचा अर्थ सुरुवात ठीक आहे, आणि पहिली फेरी बरोबर आली म्हणजे बेरीज-वजाबाकीचं कामही ठीक आहे. शेवटचा तर प्रश्नच नाही, फेऱ्या सहाच झाल्या. उरला हातचा. पहिल्या फेरीतले २५ किलो दुसऱ्या फेरीत गेले का? नाही गेले. दुसरी फेरी पुन्हा २० पासून सुरू झाली. का? कारण "शिल्लक = २०" ही ओळ लूपच्या आत बसली आहे, म्हणून प्रत्येक महिन्याला डबा पुन्हा २० किलोवर येतो. ती ओळ लूपच्या वर घ्या, प्रश्न मिटला. म्हणजे दुरुस्ती एका ओळीची होती, पण ती ओळ कोणती हे पायरी ३ मुळे कळलं.

पायरी ५ : एका वेळी एकच बदल करा आणि कोऱ्या पाटीवर पुन्हा चालवा. तीन ठिकाणी एकदम बदल केले आणि उत्तर बरोबर आलं, तर कशामुळे आलं हे कळणार नाही. आणि आर मध्ये आधीच्या वेळचे आकडे मेमरीत तसेच राहतात. तुम्ही "शिल्लक = २०" ही ओळ चुकून पुसली असली, तरी जुनी शिल्लक मेमरीत असल्यामुळे लूप चालेल आणि भलतंच उत्तर देईल. म्हणून दुरुस्ती झाली की आर चं सेशन रीस्टार्ट करा आणि कोड पहिल्या ओळीपासून चालवा.

नेहमी भेटणाऱ्या सहा चुका

वरची पद्धत कुठल्याही लूपला लागू पडते. तरी काही चुका आर मध्ये इतक्या वेळा होतात की त्यांचा चेहरा ओळखीचा असलेला बरा.

चूक १ : शून्याव्या घरात डोकावणं. समजा तुम्ही प्रत्येक महिन्याची शिल्लक वेगवेगळ्या घरात साठवताय आणि सूत्र लिहिलंय, "या महिन्याची शिल्लक = मागच्या महिन्याची शिल्लक + उत्पादन − विक्री". पहिल्या फेरीत मागचा महिना कुठला? शून्यावा. आर मध्ये घरांची मोजणी १ पासून सुरू होते. शून्याव्या घरात काहीच नसतं, म्हणून "रिप्लेसमेंट हॅज लेंग्थ झिरो" असा एरर येतो. उपाय : पहिला महिना लूपच्या बाहेर वेगळा काढा आणि लूप २ पासून सुरू करा.

याच चुकीची एक बहीण आहे. "१ ते ५" असं हवं म्हणून कुणी १ : ६ − १ असं लिहितं. आर आधी १ ते ६ ही यादी बनवतो आणि मग प्रत्येकातून १ वजा करतो. मिळतं ० ते ५. इथे ६ − १ भोवती कंस घालायलाच हवा.

चूक २ : फक्त शेवटचा महिना उरणं. बारा महिन्यांचा नफा काढला, पण लूप संपल्यावर हातात एकच आकडा. कारण प्रत्येक फेरीचं उत्तर त्याच एका डब्यात टाकलं, आधीचं ओतून. उपाय : लूपच्या आधीच बारा घरांचा रिकामा ट्रे तयार ठेवा आणि प्रत्येक फेरीचं उत्तर त्या त्या क्रमांकाच्या घरात ठेवा.

चूक ३ : रिकाम्या यादीवर दोन फेऱ्या. परत आलेल्या मालाची यादी आहे आणि लूप "१ ते यादीची लांबी" असा लिहिलाय. एका महिन्यात काहीच माल परत आला नाही, छान झालं. पण यादीची लांबी आता शून्य, आणि आर "१ ते ०" म्हणजे उलटं मोजतो : आधी १, मग ०. शून्य फेऱ्या व्हायला हव्यात तिथे दोन होतात आणि परत आलेल्या मालाची बेरीज शून्याऐवजी रिकामी येते. अकरा महिने नीट चाललेला लूप बाराव्या महिन्यात फसतो तो असा. उपाय : "१ ते लांबी" ऐवजी "सेक अलाँग" ही आज्ञा वापरा. यादी रिकामी असेल तर ती एकही फेरी करत नाही.

चूक ४ : लूपच्या आत लूप, दोघांचं नाव एकच. तीन उत्पादनं आणि प्रत्येकाचे सहा महिने, म्हणून बाहेर एक लूप आणि आत एक. दोन्हींच्या फेरी क्रमांकाला सवयीने एकच नाव दिलं. आतला लूप संपला की त्या नावात ६ हा आकडा उरतो. मग पहिल्या उत्पादनाची बेरीज घर क्रमांक १ मध्ये न जाता ६ मध्ये जाते. दुसऱ्याची, तिसऱ्याचीही तिथेच. तुम्ही तीन घरांचा ट्रे ठेवला होता, पण आर तक्रार न करता तो सहा घरांचा करतो. पहिली तीन घरं शून्य, मधली दोन "एन ए" आणि शेवटच्यात तिसऱ्या उत्पादनाची बेरीज. उपाय : नावं अर्थाची ठेवा. एकाला "उत्पादन क्रमांक", दुसऱ्याला "महिना क्रमांक".

चूक ५ : स्वल्पविरामाने खाल्लेली मोठी बिलं. ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते, म्हणून इथे जरा जास्त वेळ देऊया. एक्सेलमधून बिलांची फाइल घेतली. रक्कम अशी आहे : ८५०, "१,२५०", ६४०, "२,४००", ९००. हजारच्या वरच्या आकड्यांत स्वल्पविराम आहे, म्हणून आर त्या सगळ्या कॉलमला आकडे न समजता अक्षरं समजतो. बेरीज करायला गेलात की "नॉन-न्यूमेरिक आर्ग्युमेंट टू बायनरी ऑपरेटर" असा एरर येतो. इथपर्यंत ठीक, एरर आला म्हणजे आपण सावध झालो.

मग कुणीतरी सांगतं, अक्षरांचे आकडे करायची आज्ञा आहे ना, ती वापर. वापरली. आर एक इशारा देतो, "एन एज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन". म्हणजे काही आकडे मला वाचता आले नाहीत, तिथे मी "एन ए", म्हणजे "माहिती नाही", असं लिहिलंय. तो इशारा आपण वाचत नाही. बेरीज "एन ए" येते. मग पुन्हा कुणीतरी सांगतं, "एन ए" वगळून बेरीज करायची सोय आहे, ती वापर. बेरीज आली २,३९०. सगळे खूश.

खरी बेरीज आहे ६,०४०. हिशेबातून ३,६५० रुपये गेले, आणि गेले ते नेमके मोठ्या बिलांचे, कारण स्वल्पविराम मोठ्याच आकड्यांत असतो. पाच बिलांची खरी सरासरी १,२०८ रुपये आहे. तुमच्या अहवालात मात्र तीनच बिलांची सरासरी, ७९७ रुपये, दिसते. आता तुम्ही ठरवणार, की आपलं गिऱ्हाईक लहान खरेदी करणारं आहे, लहान पाकिटं काढूया. चुकीच्या लूपवरून अख्ख्या धंद्याची दिशा बदलते ती अशी.

उपाय : आकड्यात बदलण्याआधी "जीसब" या आज्ञेने स्वल्पविराम काढून टाका. आणि "एन ए" वगळण्याआधी नेहमी मोजा, की एकूण ओळी किती आणि त्यात "एन ए" किती? का आहेत हे कळल्याशिवाय एकही वगळू नका.

चूक ६ : तारखेचा भलताच आकडा. तारखांच्या यादीवर थेट लूप फिरवला की १ जानेवारी २०२४ च्या जागी १९७२३ असा आकडा दिसतो. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. आर तारखा १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस म्हणून साठवतो आणि लूपमध्ये तारखेचं रूप गळून पडतं. उपाय : तारखांवर न फिरता क्रमांकांवर फिरा आणि आत त्या क्रमांकाची तारीख उचला.

न थांबणारा लूप : दोष कोडचा की धंद्याचा?

आतापर्यंत आपण ठरलेल्या फेऱ्यांचा लूप पाहिला. दुसरा प्रकार "व्हाइल" लूप. "जोपर्यंत अमुक खरं आहे, तोपर्यंत चालत राहा." कर्जाचा हिशेब याने छान होतो. ५०,००० रुपये कर्ज, महिना १ टक्का व्याज, महिन्याला ५,००० हप्ता. किती महिन्यांत फिटेल?

जोपर्यंत बाकी शून्याच्या बरोबर नाही :
— बाकी = बाकी + व्याज − हप्ता
— महिने = महिने + १

चालवा, हा लूप थांबणार नाही. दहा हप्त्यांनंतर बाकी राहते साधारण २,९२० रुपये. अकराव्या महिन्यात व्याज धरून होतात २,९४९, आणि त्यातून ५,००० वजा केले की बाकी शून्याखाली जाते. ती बरोब्बर शून्यावर कधी थांबलीच नाही. लूप शून्याची वाट बघत पुढे पळत राहतो. उपाय : "शून्याच्या बरोबर नाही" ऐवजी "शून्यापेक्षा जास्त आहे" अशी अट घाला. उत्तर येईल ११ महिने.

आता हाच दुरुस्त लूप हप्ता ५०० ठेवून चालवा. पुन्हा थांबणार नाही! या वेळी कोडमध्ये काहीच चूक नाही. ५०,००० वर १ टक्का म्हणजे महिन्याचं व्याजच ५०० रुपये. हप्ता सगळा व्याजात जातो, बाकी ५०,००० ची ५०,०००. लूप संपत नाही, कारण कर्जच संपत नाही. हप्ता ६०० केला तर लूप थांबतो, पण १८१ महिन्यांनी, म्हणजे १५ वर्षं आणि १ महिन्याने. तोवर तुम्ही १,०८,००० रुपयांच्या वर भरलेले असता.

म्हणून न थांबणाऱ्या लूपला नुसता दोष देऊ नका. प्रत्येक फेरीची बाकी छापा आणि बघा, की आकडा शून्याकडे सरकतोय का? सरकत नसेल तर आधी हिशेब तपासा, मग कोड. आणि प्रत्येक व्हाइल लूपला एक सुरक्षा कुलूप लावा. फेऱ्या ३६० च्या वर गेल्या की "ब्रेक" आज्ञेने बाहेर पडायचं आणि "मर्यादा ओलांडली" असं छापायचं. चालू लूप अडकलाच तर आर स्टुडिओमध्ये एस्केप बटण दाबा किंवा लाल स्टॉप चिन्हावर क्लिक करा.

हाताशी ठेवायची चार अवजारं

१. मेलेल्या फेरीचा क्रमांक. लूप एरर देऊन बंद पडला की फेरी क्रमांकाचं नाव टाइप करा आणि एंटर दाबा. ज्या फेरीत तो पडला तो क्रमांक मिळेल. ३,००० बिलांपैकी १,४१२ व्या बिलावर लूप पडला असेल, तर फाइलची तीच ओळ उघडा. बहुतेक वेळा तिथे रिकामी जागा नाहीतर आकड्याच्या जागी लिहिलेला "उधार" असा शब्द सापडतो.

२. ब्राउझर. लूपच्या आत "ब्राउझर" ही आज्ञा लिहिली की लूप तिथे थांबतो आणि तुम्ही आत जाऊन प्रत्येक आकडा बघू शकता. एन अक्षर दाबलं की पुढची ओळ, सी दाबलं की पुढे चालू, मोठा क्यू दाबला की बाहेर. काम झालं की ती ओळ काढून टाकायला विसरू नका.

३. इशाऱ्याचा एरर करणं. "ऑप्शन्स" मध्ये "वॉर्न" ची किंमत २ ठेवली की प्रत्येक इशारा एरर बनतो आणि लूप त्याच फेरीत थांबतो. चूक ५ मधली बिलं अशीच पकडता येतात.

४. पहारेकरी. "स्टॉप इफ नॉट" ही आज्ञा लूपमध्ये ठेवा : शिल्लक शून्यापेक्षा कमी असू शकत नाही, रक्कम "एन ए" असू शकत नाही. नियम मोडला की लूप थांबेल. म्हणजे निमूट चुकणाऱ्या लूपला आपण बोलायला लावलं. या धड्याचं सारं मर्म यातच आहे.

लूप हवाच आहे का?

शेवटचा मुद्दा. आर मध्ये बरीच कामं लूपशिवाय होतात. आपल्या मसाल्याच्या उदाहरणात "क्युमसम", म्हणजे चढती बेरीज, ही एकच आज्ञा पुरते : २० + चढती बेरीज (उत्पादन − विक्री). एका ओळीत सहा महिन्यांची शिल्लक येते : २५, २०, १०, १५, २०, १०. ओळी कमी, तेवढ्या चुकीच्या जागाही कमी. पण लूप आधी शिकाच, कारण त्यातून हिशेब कसा पुढे सरकतो हे डोळ्यांना दिसतं. दोन्ही येत असतील तर उत्तमच. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळवून पाहता येईल.

तुमचा गृहपाठ

१. वरच्या तक्त्यात जुलै जोडा : उत्पादन ७०, विक्री ६५. चुकीचा लूप आणि दुरुस्त लूप, दोन्ही चालवा. दुरुस्त लूपने १५ दाखवलं पाहिजे. चुकीचा २५ दाखवेल. का, ते एका वाक्यात वहीत लिहा.
२. तुमच्या स्वतःच्या मागच्या महिन्यातली दहा बिलं घ्या. बेरीज आधी कॅल्क्युलेटरवर, मग लूपने. दोन्ही जुळेपर्यंत पूर्ण महिन्याची फाइल लावू नका.
३. तुमचं एखादं कर्ज किंवा उधारी असेल, तर तिचा व्हाइल लूप लिहा. सुरक्षा कुलूप लावून!

दुकान बंद करताना गल्ला मोजून वहीशी मेळ घातल्याशिवाय आपण शटर ओढत नाही. लूपच्या आकड्यालाही तोच नियम लावा. मेळ बसला तरच त्यावर ऑर्डर घ्या.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा, व्यवसाय वाढवत राहा.